तोंडी परीक्षा

घरातले वाद दुकानात मिटवायचे, हा अण्णांचा नियम होता. घरात प्रत्येकाला आपापली खोली होती, आणि खोली असली की दार आपटता येतं. दुकानात आपटण्यासारखं एक शटर होतं, आणि त्याला अण्णांना विचारल्याशिवाय कुणी हात लावत नसे. वरच्या मजल्याची वाटणी इथेच झाली होती. आत्याचं ठरलेलं लग्न मोडायचं, हेही इथेच ठरलं होतं. त्यामुळे त्या रविवारी सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून सगळे चष्म्याच्या दुकानात जमले, तेव्हा थोरल्या सुनेला विषय विचारावा लागला नाही. विषय तीच होती.

अण्णा डोळे तपासायच्या खुर्चीत बसले. ही खुर्ची खालीवर होते, आणि कुटुंबाच्या बैठकीत ती नेहमी वर असते. थोरलीचा नवरा काउंटरमागे उभा राहिला आणि गिऱ्हाईक नसतानाही फ्रेमा पुसायला लागला. दीर स्टुलावर बसला. धाकटी जाऊ आरशासमोर बसली; तिथून थोरलीकडे न बघता थोरली दिसत होती. आणि सगळ्यांच्या मध्ये, पायरीवर, गुडघे हनुवटीला टेकवून दिराचा आणि धाकटीचा मुलगा बसला होता. त्याला पिल्लू म्हणत. पाळण्यात ठेवलेलं नाव परत घ्यायला कुणाला सवड झाली नाही, आणि पिल्लू मात्र सहा फुटांपर्यंत वाढला.

"वहिनी, मी कुणाला दोष देत नाही," दिराने सुरुवात केली. या घरात दोष द्यायला असंच सुरू करत.

प्रकरण तसं एका शब्दाचं होतं.

थोरली माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाची पदवी करत होती. हे नाव घरात कुणालाच एका दमात घेता येत नसे, म्हणून सगळे नुसतं 'कंप्युटरचं' म्हणत. सुरुवात झाली ती दुकानातलं बिल काढायचं मशीन बंद पडलं तेव्हा. दुरुस्तीला आलेल्या माणसाने एक वायर काढली, परत लावली आणि निघाला. नेमकं काय झालं होतं, असं तिने विचारलं. "होतं असं कधी कधी," तो म्हणाला. हे उत्तर तिला पटलं नाही. न पटलेली गोष्ट ती सोडत नसे, आणि त्यातून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिने कॉलेजात प्रवेश घेतला. घरच्यांना वाटलं, तीनेक महिन्यांचा काहीतरी वर्ग असेल. तिने कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

तो दूर झाला तेव्हा धाकटीनेच तिची बाजू घेतली होती. पिल्लू त्याच वर्षी बारावीतून कसाबसा निघाला होता आणि त्याच कॉलेजने त्याला घेतलं होतं. "वहिनी वर्गात असल्या तर पोरावर लक्ष राहील," असं धाकटी म्हणाली, आणि अण्णांनी मान डोलावली. म्हणजे पदवी थोरलीची होती, पण परवानगी पिल्लूमुळे मिळालेली. वर्गात तो तिला काकू म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणायला लागले. एकदा हजेरी घेताना प्राध्यापकांच्या तोंडूनही 'काकू' निघून गेलं, आणि त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. ती मन लावून शिकली. समोरचं गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत असे, तेवढ्या वेळात ती काउंटरवर नेटवर्कच्या पत्त्यांचे हिशेब सोडवून घेत असे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोघांनी मिळून घेतला. काकूबरोबर गट करायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि पिल्लूबरोबरही. दवाखान्यात रांगेत बसलेल्या माणसाला त्याचा नंबर जवळ आला की फोनवर संदेश जावा, म्हणजे त्याला तासन्‌तास बाकावर बसावं लागू नये, असा तो प्रकल्प होता. रांग थोरलीने करायची, संदेश पिल्लूने पाठवायचे, अशी वाटणी झाली.

आणि गुरुवारी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिल्लूला विचारलं, संदेश जाताना नेटवर्क गेलं तर काय होतं. पिल्लूने काकूकडे पाहिलं. परीक्षकांनीही काकूकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "हा भाग कुणी लिहिलाय?"

"मी," थोरली म्हणाली.

तिला चांगले गुण मिळाले. पिल्लू नापास झाला. त्याला एका कंपनीने निवडलं होतं, पण पदवी मिळाली तरच, आणि धाकटीने ही बातमी आधीच ओळखीपाळखीत सगळीकडे पोचवली होती.

"मी काल विभागप्रमुखांना भेटून आलो," दीर म्हणाला. "माणूस चांगला वाटला. म्हणाले, जोडीदाराने येऊन सांगितलं, की काम दोघांचं होतं, घाबरून तोंडातून भलतंच निघालं, तर समितीपुढे ठेवता येईल. तुम्ही उद्या सकाळी जाऊन या."

"मी घाबरले नव्हते."

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

धाकटी आरशाशी बोलली. "त्यांना विचारा, 'आम्ही' म्हणायला असा कितीसा वेळ लागला असता. इतकी वर्षं या घरात सगळं आम्ही-आम्हीच चाललंय. आम्ही येऊ, आम्ही जेवलो, आम्हाला बरं वाटत नाही. नेमकं परीक्षेतच यांना 'मी' आठवलं."

हे खरं होतं, आणि थोरलीला त्याचंच नवल वाटत आलं होतं. गुरुवारपासून तिने तो प्रसंग अनेकदा मनात फिरवून पाहिला होता. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा तिला पिल्लू आठवलाच नव्हता. तिला छान वाटलं होतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती, आणि आताही सांगणार नव्हती.

"आम्ही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न त्यालाच आला असता," ती म्हणाली. "आणि त्याच्या पुढचाही. किती वेळ झाकलं असतं?"

"झाकायचं असतं," धाकटी म्हणाली. "घरचं माणूस कशासाठी असतं?"

"दोघींचंही बरोबर आहे," थोरलीचा नवरा म्हणाला. हे वाक्य त्याने लग्नापासून सांभाळून ठेवलं होतं, आणि ते उच्चारलं की दोन्हीकडची माणसं नाराज होत. तीन पिवळ्या फ्रेमा पुसून त्याने बाजूला ठेवल्या. "पण जाऊन ये ना तू उद्या. एक वाक्य तर आहे."

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. प्रवेशाच्या दिवशी हाच माणूस तिच्याबरोबर रांगेत उभा होता. तिची पिशवी त्याच्या खांद्यावर होती आणि पुढच्या मुलाच्या बापाला तो अभिमानाने सांगत होता, की ॲडमिशन हिची आहे, माझी नाही. आता तो फ्रेमांच्या दांड्या पुसत होता.

"खोटं वाक्य आहे," ती म्हणाली.

"छोटं आहे."

"वहिनी, चार वर्षं हा पोरगा तुमच्या मागे मागे कॉलेजात गेला," दीर म्हणाला. "तुमच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो. आता तुम्हीच असं केलंत तर आम्ही बाहेरच्यांना काय सांगायचं?"

"त्याने काम केलं नाही असं सांगायचं."

हे जरा जास्त झालं, हे तिलाही कळलं. धाकटी पहिल्यांदा आरशातून बाहेर वळली, पण काही बोलायच्या आत अण्णांनी खुर्चीच्या हातावर दोन बोटं वाजवली.

"पिल्ल्या, तू बोल."

"मला काही नाही बोलायचं."

"नोकरी तुझी जाते आहे."

"हो," पिल्लू म्हणाला. जणू कुणी वेळ विचारली होती.

अण्णा थोडा वेळ समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. त्यांना सगळ्यात वरचं एकच अक्षर दिसत असे, पण चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने हे सांगणं बरं नाही म्हणून ते कधी बोलत नसत. "मला एक कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "याने काम केलं नाही म्हणता. मग मला ते संदेश कुणी पाठवले?"

"कसले संदेश?" दिराने विचारलं.

"तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आधी वाटलं, खरंच आलेत." अण्णांनी घसा साफ केला. "दोनेक महिन्यांपूर्वी. याने माझा फोन मागितला, म्हणाला, तपासून बघायचंय. मग दुपारभर एकच संदेश येत राहिला. 'तुमचा नंबर जवळ आला आहे. कृपया तयार राहा.' माझ्या वयात असा निरोप एकदा आला तरी पुरे होतो. मला तो चहापर्यंत येतच राहिला."

थोरलीच्या नवऱ्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"हसू नकोस. मी कपाट आवरायला घेतलं होतं."

थोरली हसली नाही. तिला त्याच दिवसाची संध्याकाळ आठवली. पिल्लूचं काम तिने त्याच्या पाठीमागे उघडून पाहिलं होतं. संदेश पोचला नाही तर पुन्हा पाठव, एवढं त्याने लिहिलं होतं, पण थांबायचं कधी हे लिहिलं नव्हतं. एका ओळीची दुरुस्ती होती. ती त्याला बोलावून दाखवू शकली असती. तो कोपऱ्यावरच मित्रांबरोबर उभा होता. पण बाकीचंही तिला आवडलं नव्हतं. लिहिलेलं अस्ताव्यस्त होतं, नावं कशीही दिलेली होती. तिने ते सगळं काढून टाकलं आणि नव्याने लिहिलं. सुरेख लिहिलं. सकाळी ती त्याला म्हणाली, "मी नीट केलंय रे." तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'ला तिने आळस समजलं होतं.

"याने लिहिलं होतं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला याचं तिला बरं वाटलं. "मी पुसलं."

कुणाला लगेच काही समजलं नाही.

"पुसलं म्हणजे?" दीर म्हणाला.

"काढून टाकलं. चूक होती. मग मी माझं लिहिलं."

"मला कळलं होतं कुठे चुकलंय ते," पिल्लू गुडघ्यांशी बोलल्यासारखा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी करणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझं चालत होतं. माझं चालत नव्हतं. त्यात सांगायचं काय?" चार वर्षांत तो घरात एवढं लांब बोलला नव्हता, आणि सुरू झाल्यावर त्याला थांबायची जागा सापडेना. "पहिल्या वर्षापासून असंच आहे, काकू. लॅबमध्ये केबलला टोक बसवायचं होतं, तेही तूच बसवलंस."

"तू तीनदा बिघडवलं होतंस."

"हो. चौथ्यांदा तू हातातून घेतलंस."

थोरलीला ते टोक आठवलं. प्लॅस्टिकचं, पारदर्शक, आत आठ रंगांच्या तारा ओळीने. तिने बसवलेलं टोक प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला दाखवलं होतं.

"म्हणजे माझ्या पोराला यांनी करूच दिलं नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जवळजवळ आनंदी झाला होता. "आणि वर म्हणतात, काम केलं नाही."

"आई, तू पण नको बोलूस," पिल्लू म्हणाला. "मुलाखतीला जाताना माझे केस तू विंचरलेस."

"विस्कटले होते."

"मी तसेच ठेवले होते."

अण्णांना खोकला आला, की त्यांनी आणला, हे कळलं नाही. दिराने दोन्ही हात मांडीवर आपटले. माणूस मुळात व्यवहारी होता; घडलेल्या गोष्टीचा उपयोग काय, हे त्याला सगळ्यांआधी दिसायचं. "मग तर उत्तमच झालं. उद्या हेच सांगा, वहिनी. यात खोटंही काही नाही."

"सांगणारच आहे," थोरली म्हणाली. "पण जोडीदाराचं काम त्याला न विचारता काढून टाकायचं नाही, असा नियम आहे. मग माझाही निकाल अडकेल. कदाचित दोघांनाही नापास करतील."

दिराचा हात मांडीवरच राहिला. "मग नको," तो म्हणाला.

"जा तू," थोरलीचा नवरा म्हणाला. त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली होती आणि दुसरी उचलली नव्हती. "जाऊन सगळं सांग."

"आता, मी सांगणारच म्हटल्यावर?" थोरलीने विचारलं.

"मघाशी माझं चुकलं."

हे वाक्य थोरलीने त्याच्याकडून पूर्वी ऐकलं होतं की नाही, हे तिला पटकन आठवेना. पण त्यावर विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण धाकटी उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. गुरुवारपासून ती तिच्याशी थेट बोलली नव्हती. मीठ मागायचं तरी अण्णांमार्फत मागायची.

"तुम्ही पण बुडणार?"

"बुडेन कदाचित."

"घरात दोन दोन नापास घेऊन मी काय करू?" धाकटी म्हणाली. मग एकदम हळू आवाजात, "चार वर्षं दुकान सांभाळून अभ्यास केलात. मी बघत नव्हते असं वाटलं का तुम्हाला?"

थोरलीला खरंच तसं वाटत होतं. अण्णांनी पायाने कळ दाबली, खुर्ची हळूहळू खाली आली, आणि बैठक संपली.

सोमवारी विभागप्रमुखांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं, मग पुन्हा एकदा सांगायला लावलं. पिल्लू शेजारी उभा होता. त्याचे केस विस्कटलेले होते.

"माझ्याकडे दरवर्षी मुलं येतात," ते म्हणाले. "सांगतात, जोडीदाराने काही केलं नाही. तुम्ही सांगताय, तुम्ही त्याला करू दिलं नाही."

"हो."

"याच्यासाठी आमच्याकडे नियम नाही. न विचारता काम काढून टाकण्यासाठी आहे. तो तुम्हाला आवडणार नाही."

तो असा होता: गुरुवारची परीक्षा दोघांचीही रद्द. संदेशांचा भाग पिल्लूने पहिल्यापासून लिहायचा. काकूने त्याला हात लावायचा नाही, सुचवायचं नाही, जवळ उभंही राहायचं नाही. पंधरवड्याने दोघांची वेगवेगळी तोंडी. आणि फेरपरीक्षेत काठावर पास होण्यापुरतेच गुण मिळतात, मग माणूस कितीही हुशार असो. विशेष श्रेणी थोरलीच्या हातात आलेली होती; ती त्या टेबलावरच राहिली. ती "ठीक आहे" म्हणाली आणि बाहेर पडेपर्यंत नीट चालली. जिन्यात एक मिनिट कठड्याला धरून उभी राहिली. पिल्लूही थांबला. काही बोलला नाही, हे तिने त्याच्या खाती चांगलं म्हणून धरलं.

घरात कंप्युटर म्हणजे दुकानातलं बिलाचं मशीन, तेवढं एकच होतं. पिल्लू तिथे बसून काम करायचा आणि थोरलीला दुकान सोडून जाता येत नसे. त्या दिवसांत ती गिऱ्हाइकांशी इतकी सविस्तर बोलली, की एक बाई नंबर नसताना चष्मा घेऊन गेली. मागे कळफलकाचा आवाज व्हायचा, थांबायचा, पुन्हा व्हायचा. पहिल्याच आठवड्यात जाता जाता पडद्यावर तिची नजर पडली आणि चूक दिसली. डोळ्यात कुसळ गेल्यासारखी ती खुपली. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि पुढच्या बाजूला जाऊन बसली.

थोड्या वेळाने धाकटी जिना उतरून आली. तिने थोरलीकडे पाहिलं, मागे बसलेल्या पिल्लूकडे पाहिलं, आणि फ्रेमांच्या बारीक स्क्रूंचा डबा काढून दोघींच्या मध्ये ठेवला. स्क्रू कित्येक वर्षांचे एकत्र झालेले होते. दोघी पिल्लूकडे पाठ करून ते आकारावारी वेगळे करायला लागल्या.

"चुकतंय का त्याचं?" धाकटीने हळूच विचारलं.

"हो."

"सांगायचं नाही?"

"नाही."

आणखी थोडे स्क्रू वेगळे झाले.

"मी नुसतं पाणी नेऊन देऊ का?"

"नको."

"नुसतं पाणी."

"तुम्ही पाणी नेलंत तर मीही येईन."

धाकटी बसली. ती चूक पिल्लूला सापडायला दोन दिवस लागले. सापडली तेव्हा तो खुर्ची मागे सरकवून उठला, बाहेर जाऊन रस्त्यावर एक चक्कर मारून आला आणि परत बसला. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. डबा रिकामा झाला होता. धाकटीने वेगळे केलेले सगळे स्क्रू परत त्यात ओतले आणि दोघींनी पुन्हा सुरुवात केली.

निकाल पुढे व्हायचा तसा झाला. दोघंही काठावर पास झाले. कंपनीने पिल्लूला महिनाभर उशिरा घेतलं, आणि पुतण्याइतकेच गुण मिळवणारी काकू म्हणून थोरलीचा उल्लेख नातेवाइकांत बरीच वर्षं होत राहिला. पण हे नंतरचं. फेरपरीक्षेच्या दिवशी तिची तोंडी लवकर आटोपली आणि ती बाहेर बाकावर बसून राहिली. आतलं ऐकू येत नव्हतं. दाराच्या काचेतून पिल्लूची फक्त पाठ दिसत होती, आणि मधूनमधून हवेत काहीतरी काढून दाखवणारा हात.

तो बाहेर आला तेव्हा घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

"कसं झालं?"

"झालं. एक प्रश्न मला नाही आला."

"कुठला?"

त्याने सांगितला. दोन वेगळ्या माणसांना एकाच क्षणी एकच नंबर दिला गेला, तर संदेश आधी कुणाला जाणार, आणि दुसऱ्याला ते कसं कळणार. थोरलीने तोंड उघडलं. मग मिटलं. तिने बाकावर बसल्या बसल्या मनात ती रांग उभी केली, माणसं पुढेमागे केली, पुन्हा पहिल्यापासून लावली.

"मलाही नाही येत," ती म्हणाली.

पिल्लूने तिच्याकडे नीट बघितलं. ती चेष्टा करत नव्हती.

"घरी जाऊन बघू दोघं," तो म्हणाला.

"नाही. तू बघ," थोरलीने पिशवी उचलून खांद्याला लावली. "आणि मग मला समजावून सांग. सावकाश सांग, मला एकदम कळत नाही."

पिल्लू तिच्या बाजूने चालायला लागला. फाटकापर्यंत त्याचा हात मधूनमधून हवेत काहीतरी मांडत होता, आणि थोरली त्या हाताकडे न बघता चालली होती.